ऑटिझमसाठी डॉक्टर आणि थेरपिस्ट कसे निवडायचे : इंदूरमधल्या नवीन आईबाबांसाठी

मूल दोन-अडीच-तीन वर्षांचं आहे, हाक मारली तर बघत नाही, आलेले दोन-चार शब्दही बंद झालेत आणि आता कुणीतरी ऑटिझम म्हणालंय, अशा आईबाबांसाठी हे लिहितेय. माझा मुलगा आता मोठा आहे, शाळेत जातो, आणि आमच्या सुदामा नगर, राजेंद्र नगर भागातल्या मराठी घरांत कुणाला असा रिपोर्ट मिळाला की बऱ्याचदा फोन माझ्याकडे येतो. प्रश्न सगळ्यांचा एकच, ताई चांगला डॉक्टर कोण ते सांगा. नाव मी सांगत नाही, कारण एका मुलाला मानवलेला माणूस दुसऱ्याला मानवेलच असं नाही, आणि थेरपिस्ट लोकं सेंटर बदलतात, लग्न होऊन गाव सोडतात, आज चांगली असलेली टीम वर्षभरात पांगते. निवडायचं कसं ते मात्र सांगता येतं.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. जो माणूस सुरुवातीलाच कागदावर लिहून देतो की मी अमुक गोष्टीवर काम करणार, तीन महिन्यांनी आपण ती मोजणार, आणि फरक नसेल तर हे बंद करून दुसरं बघणार, तो माणूस धरा. डिग्री, फी, एसी, भिंतीवरचे सत्काराचे फोटो हे सगळं त्याच्यानंतर. डॉक्टर असो, स्पीचवाली असो नाहीतर डाएटवाला असो, सगळ्यांना हाच नियम.

आधी निदान, आणि तेही नीट

ऑटिझम रक्ताच्या टेस्टमध्ये दिसत नाही, एमआरआयमध्येही नाही. निदान होतं ते मुलाला खेळताना बघून आणि तुम्हाला भरपूर प्रश्न विचारून, पहिल्या वाढदिवसाला कसा होता, बोट दाखवायचा का, आजीकडे बघून हसायचा का वगैरे. याला वेळ लागतो. दहा मिनिटांत रिपोर्ट हातात ठेवला असेल तर दुसरीकडे दाखवा, यात कुणाचा अपमान नाही. निदान डेव्हलपमेंटल पीडियाट्रिशियन, लहान मुलांचे सायकायट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडून घ्यायचं. आपल्या देशात इसा नावाची स्केल चालते, तिच्यात ४० मुद्दे असतात, प्रत्येकाला १ ते ५ मार्क, आणि एकूण ७० किंवा जास्त आले तर ऑटिझम धरतात. रिपोर्टवर हा स्कोर आणि करणाऱ्याचा रजिस्ट्रेशन नंबर आहे का ते बघा, पुढे सरकारी सर्टिफिकेटच्या वेळी कामी येतो. मोबाईलवर भरतात ती एम-चॅट प्रश्नावली फक्त चाळणी आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, तिच्यावरून निदान होत नाही.

सरकारी वाटही आहे आणि ती वाईट नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, त्याच्याखाली जिल्ह्याला डीईआयसी म्हणून केंद्र असतं, तिथे तपासणी आणि थेरपी फुकट. एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये मुलांचा आणि मानसोपचाराचा विभाग आहे. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, डबा घेऊन जा, पण एक रिपोर्ट तिथला असलेला बरा. भोपाळला केंद्र सरकारचं सीआरसी, म्हणजे दिव्यांगांसाठीचं पुनर्वसन केंद्र आहे आणि भोपाळच्या वाटेवर सीहोरला मानसिक आरोग्य पुनर्वासाची राष्ट्रीय संस्था, दोन्ही एका दिवसाच्या प्रवासात होतात, तेव्हा प्रायव्हेटमधल्या कुणी मोठा खर्च सांगितला की तो करण्याआधी तिथे एकदा विचारून या.

दोन गोष्टी इथेच. एक, कान. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाची ऐकण्याची टेस्ट, ओएई नाहीतर बेरा, आधी झालीच पाहिजे, टाळी वाजवली की वळून बघतो एवढ्यावर समाधान मानू नका. दुसरी, आजकाल बऱ्याच ठिकाणी व्हर्च्युअल ऑटिझम म्हणतात, मोबाईल बंद करा तीन महिन्यांत बरा होईल असं सांगतात. असं कुठलंही अधिकृत निदान नाही. स्क्रीन कमी करायलाच हवी, पण त्या आशेवर थेरपी पुढे ढकलू नका, आणि आईला दोष देत बसणाऱ्या नातेवाईकांना तर अजिबात थारा देऊ नका. लसीचंही तसंच, लसीमुळे ऑटिझम होतो ही भीती पसरवणारा १९९८ चा तो गाजलेला पेपर लॅन्सेट या मेडिकल मासिकाने २०१० मध्ये मागे घेतलाय, राहिलेल्या लसी वेळेवर द्या.

रिपोर्टची वाट बघताना घरी मुलाशी खेळणं, बोलणं थांबवायचं नाही.

शरीराकडे बघणारा डॉक्टर

बायोमेडिकल हा शब्द ऐकला की सावध व्हा म्हणतात लोकं, पण मला वाटतं त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. एक म्हणजे मुलाचं शरीर नीट तपासणं, आणि ते तर आपल्याकडे कमीच होतं. ऑटिझमचा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक रडणं, प्रत्येक आपटणं ऑटिझमच्या खात्यात जमा होतं. आमच्या ओळखीतला एक मुलगा होता, बोलत नव्हता, सारखा उजव्या कानावर चापट मारून घ्यायचा, एका सेंटरमध्ये त्याच्यावर बिहेविअरचा प्लॅन चालला, हात खाली धरायचे, शांत बसला की बक्षीस म्हणून गोड गोळी द्यायची, आणि बऱ्याच दिवसांनी शेवटी ईएनटीने कानात डोकावून बघितलं तर आत इन्फेक्शन. औषध झालं, चापट थांबली. न बोलणाऱ्या मुलाचं वागणं अचानक बदललं तर आधी दात, कान, पोट, डोकं बघणारा डॉक्टर तुमच्याकडे पाहिजे.

हा डॉक्टर बहुतेक तुमचा नेहमीचा मुलांचा डॉक्टरच असेल, फक्त तो ऐकणारा हवा. त्याला विचारायच्या गोष्टी: झोप किती, घोरतो का. शी रोज होते का, कडक होते का, कारण बद्धकोष्ठ असलेलं मूल चिडचिडं असतं आणि टॉयलेट ट्रेनिंगचंही मातेरं होतं. रक्तात लोह म्हणजे फेरिटिन, विटामिन डी, आणि शाकाहारी घर असेल तर बी१२. माती, रंगाचे पोपडे खात असेल तर लेड म्हणजे शिसं. मध्येच टक लावून गप्प होतो का, झटके येतात का, कारण ऑटिझमच्या मुलांमध्ये फिट्सचं प्रमाण जास्त असतं, आणि तशी शंका असेल तेव्हाच ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख. जेनेटिक टेस्ट, म्हणजे मायक्रोअरे आणि फ्रॅजाइल एक्स, महाग आहेत पण दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर जेनेटिक सल्ला घेऊन करण्यासारख्या आहेत. एवढं ज्याने शांतपणे विचारलं तो तुमचा बायोमेडिकलवाला, मग त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

औषधांबद्दल थोडं. बोलणं आणणारी गोळी नाही. अमेरिकेत २००६ मध्ये रिस्पेरिडोनला आणि २००९ मध्ये अरिपिप्राझोलला ऑटिझममध्ये मंजुरी मिळाली ती खूप चिडचिड, मारणं, स्वतःला इजा करणं यासाठी. काही घरांत त्या औषधांनी खरंच श्वास घेता आलाय, त्यामुळे सायकायट्रिस्टने सुचवलं तर घाबरून पळू नका, पण वजन कधी करायचं, शुगर कधी तपासायची, किती महिन्यांनी कमी करायचा प्रयत्न करायचा हे त्याने आपणहून सांगितलं पाहिजे. नाही सांगितलं तर विचारा, आणि विचारल्यावर चिडला तर उत्तर मिळालं समजा.

आता बायोमेडिकलची दुसरी बाजू, जिथे पैसा आणि आशा दोन्ही वाहून जातात. कुणी शरीरातलं मर्क्युरी, लेड काढतो म्हणून चिलेशन सांगितलं तर उठून या. २००५ मध्ये अमेरिकेत पाच वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा चिलेशनच्या इंजेक्शनने गेला, रक्तातलं कॅल्शियम एकदम पडलं आणि हृदय थांबलं. यांची पद्धत ठरलेली असते, आधी धातू ओढणारं औषध द्यायचं आणि मग लघवी तपासायची, म्हणजे आकडा वर येणारच, तो कुणाच्याही लघवीत येईल, आणि मग लाल रंगात छापलेला रिपोर्ट तुमच्यासमोर ठेवायचा. विषाच्या डॉक्टरांची अमेरिकेतली संघटना ही टेस्ट मानत नाही. केसांच्या टेस्टवरून ट्रीटमेंट ठरवणं तसंच. स्टेम सेलबद्दल तर आपल्याच नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलंय की ऑटिझमसाठी ती करू नये आणि तिची जाहिरात करणं, सुचवणं हा डॉक्टरचा गैरवर्तनाचा प्रकार धरला जाईल, तरी लाखो रुपयांची पॅकेजेस विकली गेली आहेत. ब्लीचसारखं क्लोरीन डायऑक्साइड पाजणं, ऑक्सिजन चेंबर, दोन्हीच्या वाटेला जाऊ नका.

माझ्या मुलाला फरक पडला असं सांगणारी आई खोटं बोलत नसते, हेही लक्षात ठेवा. सिक्रेटिन नावाचं इंजेक्शन १९९८ च्या सुमारास अमेरिकेत खूप गाजलं, एका मुलाला फरक पडल्याची बातमी आली आणि आईबाबांची रांग लागली. मग १९९९ मध्ये साधारण ६० मुलांवर नीट ट्रायल झाली, अर्ध्यांना औषध अर्ध्यांना नुसतं सलाइन, आणि दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. गंमत म्हणून सांगत नाही, मला तर वाचून पोटात तुटलं, की निकाल कळल्यावरही दोन-तृतीयांशाहून जास्त आईबाबा म्हणाले आम्हाला तरीही औषध हवंय. मूल वाढत असतं, चांगले-वाईट आठवडे येत-जात असतात, वाईट आठवड्यात आपण नवीन काहीतरी सुरू करतो आणि पुढचा आठवडा चांगला गेला की श्रेय त्याला देतो. म्हणूनच लिहून ठेवणं महत्त्वाचं.

डाएटचं काय, हा प्रश्न शंभर टक्के येतो. गहू आणि दूध बंद केल्याने ऑटिझम कमी होतो असं नीट झालेल्या ट्रायल्समध्ये ठामपणे दिसलेलं नाही. काही मुलांचं पोट सुधारतं आणि मग मूड सुधारतो, तेवढं शक्य आहे. आपलं माळव्यातलं घर म्हणजे दोन्ही वेळा पोळी, आणि त्यात मूल जेमतेम पोहे, पोळी आणि दूध एवढंच खाणारं असेल तर त्यातलं दोन काढून टाकल्यावर उरलं काय? तरी करून बघायचंच असेल तर या क्रमाने करा. आधी सिलिॲकची, म्हणजे गहू न सोसण्याच्या आजाराची रक्ताची टेस्ट, गहू चालू असतानाच, कारण बंद केल्यावर टेस्ट खरी येत नाही. मग डाएटिशियनकडून कॅल्शियम आणि प्रोटीन कुठून देणार ते लिहून घ्या. मग एका वेळी एकच बदल, त्या काळात नवीन थेरपी नाही, नवीन सप्लिमेंट नाही. सुरू करण्याआधी दोन आठवडे आणि नंतर दीड-दोन महिने झोप, शी आणि मेल्टडाऊन, म्हणजे अनावर होऊन रडणं-आपटणं, रोज कॅलेंडरवर लिहायचं, आणि जमलं तर शाळेच्या टीचरला डाएटचं न सांगता तिला वेगळं विचारायचं, तिला फरक दिसला तर तो फरक. नाही दिसला तर पोळी परत द्या. जो डाएटवाला हे ऐकून म्हणतो की एक वर्ष तरी पूर्ण करावं लागेल आणि एक घास चुकला तर पहिल्यापासून, त्याच्याकडे जाऊ नका, त्याने हरायची सोयच ठेवलेली नाही.

सप्लिमेंट लिहून देणाराच काउंटरवर तीच बाटली विकत असेल तर तिथे थांबून विचार करा. लेबलवर प्रत्येक घटक किती मिलिग्रॅम ते छापलेलं हवं. विटामिन आहे, नुकसान काय, असं नसतं, बी६ जास्त झालं तर नसांना त्रास होतो, ए आणि डी अंगात साठतात. फोलिनिक ॲसिड २०२५ मध्ये अमेरिकेतल्या बातम्यांमुळे फार गाजलं, आतापर्यंतच्या ट्रायल्स छोट्या आहेत, मेडिकलवरून आणून स्वतः सुरू करायची ती गोष्ट नव्हे. आयुर्वेद, होमिओपॅथीवाल्यांनाही हाच प्रश्न, काय मोजणार आणि कधी थांबणार.

थेरपी आणि शिकवणं: कागद बघा, मग सेशन बघा

स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट या तिघांची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असावी लागते, तसा १९९२ चा कायदा आहे. त्यांना सीआरआर नंबर मिळतो, कौन्सिलच्या साइटवर नाव टाकून बघता येतो, त्याची मुदतही असते. निःसंकोच विचारा, चांगला माणूस लगेच दाखवतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे ओटी, या कौन्सिलखाली येत नाहीत, त्यांची बीओटी किंवा एमओटी डिग्री बघायची. एबीए, म्हणजे वागण्यावर काम करणारी थेरपी, करणारे बीसीबीए हे अमेरिकेचं सर्टिफिकेट सांगतात, पण अमेरिकेच्या त्या बोर्डाने २०२३ पासून भारतातले नवे अर्ज घेणं बंद केलंय, तेव्हा सर्टिफिकेट कुठल्या बोर्डाचं आणि कोणत्या वर्षाचं ते वाचा. आणि खरी मेख इथे आहे की पाटीवर नाव एकाचं असतं आणि तुमच्या मुलासोबत बसते दुसरीच मुलगी, जिचं कदाचित ४० तासांचं ट्रेनिंग झालंय. ती मनापासून काम करणारी असू शकते, मी अशा खूप छान मुली बघितल्यात, पण तिच्यावर नजर ठेवणारा वरचा माणूस आठवड्यातून किती वेळ त्याच खोलीत असतो ते विचारा.

मग सेशन बघायला मागा. आईबाबा बाहेरच बसतील, मूल डिस्टर्ब होतं, असं जिथे कायमचं सांगतात ते सेंटर सोडा. पहिले काही दिवस समजू शकतं, कायमचं नाही.

बघायचं काय? समजा मूल गाड्या ओळीत लावतंय. एका ठिकाणी थेरपिस्टने गाड्या उचलून कपाटात टाकल्या, मुलाला खुर्चीत बसवलं, टच रेड, टच ब्लू, हनुवटी धरून लुक ॲट मी, मूल रडतंय आणि शीटवर टिका पडतायत. दुसऱ्या ठिकाणी थेरपिस्ट फरशीवर पालथी झाली, त्याच्या ओळीच्या शेवटी आपली एक गाडी लावली, पुढची गाडी हातात धरून थांबली, काही बोलली नाही, मुलाने गाडीकडे बघितलं, मग तिच्या हाताकडे, मग क्षणभर तिच्या तोंडाकडे, आणि त्याच क्षणी तिने गाडी दिली आणि म्हणाली, गाडी. परत थांबली. लांबून बघणाऱ्याला वाटेल ही तर नुसती खेळतेय, फी कशाची, पण मागणं, वाट बघणं, दुसऱ्याकडे बघणं सगळं त्या अर्ध्या मिनिटात आलं. नाव कुठल्याही पद्धतीचं असू दे, एबीए, ईएसडीएम, टीच, तुम्हाला ही दुसरी खोली हवी आहे. मारणं, अंधाऱ्या खोलीत ठेवणं, जेवण रोखून काम करून घेणं, हात बांधणं यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मुलाला घेऊन बाहेर.

आय कॉन्टॅक्ट हे पहिलं गोल, म्हणजे ध्येय, म्हणून लिहिलेलं असेल तर मी तरी नाराज होते. आधी मुलाला हवं-नको सांगता आलं पाहिजे. गोल कसं लिहिलंय त्यावरून माणूस कळतो. कम्युनिकेशन सुधारणे, हे गोल नव्हे, ते कुणालाही लिहिता येतं. तहान लागली की रडण्याऐवजी पाण्याच्या चित्राला बोट लावेल, १० पैकी ७ वेळा, सेंटरवर आणि घरी आजीसोबतही, हे गोल. यात आजी आली ते फार महत्त्वाचं, कारण सेंटरच्या खोलीत एकाच मॅडमसमोर येणारी गोष्ट स्वयंपाकघरात येईलच असं नाही. गोल तुमच्या आयुष्यातलं असावं. आमच्याकडे अनंत चतुर्दशीच्या झाक्या, रंगपंचमीची गेर, लग्नातला बँड या सगळ्यांतून मुलाला न्यायचं असतं, तर आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलासाठी कानावरचे हेडफोन स्वतःहून मागणं, बस झालं हे खुणेने सांगणं हे किती तरी उपयोगाचं गोल आहे, रंगांची इंग्लिश नावं पाठ होण्यापेक्षा.

चित्रं किंवा ॲप दिलं तर मूल बोलायचं थांबेल, ही भीती आजोबांना असतेच. संशोधनात तसं दिसलेलं नाही, उलट काहींचं बोलणं थोडं वाढतं. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं फुकट ॲप आहे, मराठीतही चालतं. चित्राला, ॲपला सरळ नाही म्हणणाऱ्या स्पीच थेरपिस्टला कारण विचारा.

घरची भाषा सोडायची नाही

हे इंदूरच्या मराठी घरांसाठी मुद्दाम. थेरपिस्ट बहुतेक हिंदीत बोलतात, शाळा इंग्लिश, घरी मराठी, आणि पहिल्याच भेटीत सांगितलं जातं की मूल कन्फ्यूज होतंय, घरी एकच भाषा ठेवा, मराठी बंद करा. ऐकून घरोघरी आज्या गप्प बसल्यात. ज्या बाईला मराठीतच लाड करता येतात, अंगाई येते, ओवी येते, तिला हिंदीत बोल म्हटलं की ती निम्मं बोलणंच सोडते आणि मुलाच्या वाट्याचं सगळ्यात प्रेमाचं बोलणं कमी होतं. दोन भाषांच्या घरातली ऑटिझमची मुलं एका भाषेतल्यांपेक्षा बोलण्यात मागे पडतात असं अभ्यासांत आढळलेलं नाही. म्हणून थेरपिस्टला विचारा, तुम्ही आमच्या मराठी शब्दांची यादी ठेवाल का, मुलाने सेशनमध्ये मराठी शब्द वापरला तर तो बरोबर धराल का. हो म्हणणारी हिंदी बोलणारी थेरपिस्ट चालेल, अगदी छान चालेल. नवीन सेंटरला जाताना घरात रोज वापरले जाणारे वीस-तीस शब्द देवनागरीत लिहून द्या, वाचायला तिला काहीच अडचण नाही.

तुम्हाला शिकवणारा हवा

आठवड्यातून तीन तास सेंटर, बाकी सगळा वेळ घर. तेव्हा थेरपिस्ट तुम्हाला काय शिकवते यावर निम्मं अवलंबून आहे. गोवा आणि रावळपिंडीत मिळून पास नावाची ट्रायल झाली, २०१६ मध्ये लॅन्सेट सायकायट्रीत आली, त्यात मोठे तज्ज्ञ नव्हते, ट्रेनिंग दिलेले साधे कार्यकर्ते आईबाबांनाच मुलाशी कसं खेळायचं ते त्यांच्याच खेळाचे व्हिडिओ दाखवून शिकवत होते, आणि आई-मुलातलं देणंघेणं सुधारलं. म्हणजे महागडं सेंटर परवडत नाही म्हणून सगळं संपलं असं मुळीच नाही. दर सेशनच्या शेवटी दहा मिनिटं तुमच्याशी बोलणारी, तुम्हाला खाली बसवून आता तुम्ही करा म्हणणारी थेरपिस्ट सोडू नका. बाबांनाही न्या. आमच्याकडे बाबा फी भरतात आणि पार्किंगमध्ये थांबतात, ते बंद करा.

किती तास, याला सरसकट उत्तर नाही. आठवड्याला ४० तास नाहीतर मूल गेलं असं घाबरवणारा माणूस मला पटत नाही, तीन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप आणि मामाच्या घरी जाणंही हवं असतं. विजय नगरच्या टोकाला सेंटर आणि तुम्ही अन्नपूर्णाला राहता, रोज तासभर ट्रॅफिकमध्ये रडणारं मूल, तर थोडं कमी नावाजलेलं पण घराजवळचं बरं पडतं. वर्षभराची फी एकदम भरून डिस्काउंट घेऊ नका, महिन्याचीच द्या. मुलाचे व्हिडिओ इन्स्टावर टाकायची परवानगी त्या ॲडमिशन फॉर्ममध्ये बारीक अक्षरात असते, खोडून सही करा.

शाळा आणि कागदपत्रं, थोडक्यात

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आवडीच्या स्पेशल स्कूलमध्ये मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळा बघताना प्रिन्सिपलपेक्षा वर्गाच्या टीचरशी बोला आणि स्पेशल एज्युकेटर रोज येते की फक्त इन्स्पेक्शनला ते दुसऱ्या पालकांना विचारा. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, ठेवली तर तिचं काम स्वतःची गरज कमी करत नेणं आहे, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्या. पुढे जाऊन एनआयओएसची, म्हणजे सरकारी ओपन स्कूलची वाट आहेच.

यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरायचा, मग मेडिकल बोर्ड. मध्य प्रदेशची समग्र आयडी आणि आधारवर नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आधी बघा. फाइल अडकली तर मंगळवारी मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते, अर्ज लिहून तिथे जा. कार्ड झालं की नॅशनल ट्रस्टचा निरामय विमा काढा, वर्षाला एक लाखापर्यंत कव्हर आहे आणि थेरपीचाही खर्च त्यात बसतो, आधी मेडिकल तपासणी मागत नाहीत. शिक्का लागेल म्हणून कार्ड न काढणारी घरं आहेत, मी समजू शकते, पण कार्ड तुमच्या कपाटात असतं, कपाळावर नसतं.

तीन महिन्यांनी

एक वही करा, जाड, लांब. पहिल्या पानावर सुरुवातीची गोलं चिकटवा. रोज एक ओळ, झोप, शी, नवीन काय दिसलं, काय बिघडलं. महिन्यातून एकदा त्याच खेळाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा, त्याच जागी. तीन महिन्यांनी थेरपिस्टसमोर वही आणि व्हिडिओ ठेवून बसा आणि विचारा, यातलं काय झालं, काय नाही, आता काय बदलणार. जी थेरपिस्ट म्हणते हे दोन जमले, हे एक मी चुकीचं निवडलं होतं, त्याऐवजी हे घेऊ या, ती सोन्यासारखी आहे. जी म्हणते पेशन्स ठेवा, आईने घरी केलं नसेल, सेशन वाढवा, तिला अजून एकदा लेखी गोलं मागा, आणि मिळाली नाहीत तर बदला.

बदलताना भांडायची गरज नाही. पंधरा दिवस आधी सांगा, मुलाला त्या मॅडमचा लळा लागलेला असतो तर शेवटच्या दोन-तीन सेशन्समध्ये फोटो दाखवून निरोप घेऊ द्या, आणि असेसमेंटचे रिपोर्ट, गोल शीट, डेटा शीट यांच्या कॉपी मागून घ्या. तुमच्या मुलाचे कागद आहेत ते, नवीन माणसाला पहिल्या दिवशी तेच दाखवायचे आणि त्याच्याकडूनही तीच पहिली गोष्ट मागायची, काय करणार ते लिहून द्या.